वाल्मिकने बांध साफ केला

लोधिवलीच्या अंगाला सोनाबाई काय चीज आहे, ते तिथल्या बायकांना विचारा. पण हळू आवाजात विचारा. सेंद्रिय शेतीचा बायकांचा गट तिनं उभा केला, आणि त्या गटात शेणखतापेक्षा तिचा धाकच जास्त. कुणाच्या खाचरात उतरली की मूठभर माती नाकाशी धरायची. वासावरून तिला खरंच काही कळायचं का, देव जाणे. समोरची मात्र घाबरून आपणहून कबुली द्यायची.

गेल्या साली शेजारच्या छायानं भात पिवळं पडलं म्हणून मूठभर युरिया टाकला. सोनाबाईनं तिला भर बैठकीतून उठवली. "आजपास्नं शून्य. तीन वर्सं सोच्छ ऱ्हा, मंग ये." छाया पदर तोंडाशी धरून गेली, तरी हिची मान काही वळली नाही.

गटाचा नियम साधा होता. एकमेकींची शेतं एकमेकींनी तपासायची, आणि रसायनाच्या थेंबाविना तीन वर्षं गेली की तांदळाला दाखला. सोनाबाईचं हे तिसरं वर्ष. भात निसवलं होतं, उद्या तपासणी होती, आणि थंडीत कर्जतला भरणाऱ्या महोत्सवात तिचा तांदूळ तिच्याच नावाच्या पिशवीतून विकला जाणार होता. सातबाऱ्यावर सासऱ्याचं नाव, विजेच्या बिलावर नवऱ्याचं. पिशवीवर तेवढं तिचं! महोत्सवासाठी जांभळी साडीही घेऊन ठेवलेली, बहिणीकडे लपवून. लपवलेली साडी साऱ्या गावाला ठाऊक होती, ही गोष्ट वेगळी.

नवरा वाल्मिक साजगावच्या कारखान्यात कामाला. "शेतात कदी पाय टाकलाव का?" हा टोमणा तो लग्नापासून खात आलेला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. सोनाबाई महोत्सवाच्या बैठकीहून परतली, तर हा बांधावर उभा. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज.

"बग गं! उद्या पावनी येनार, आन बांदावं ह्ये रान माजलेलं. सगलं साफ केलं."

"कुटं साफ? गवत तर उबं हाय."

"आता हाय. चार दिसांत जलतंय आपसूक. कंपनीच्या बागेतल्या माल्यानं अवशद दिलं, पंप बी दिला. बांदावरच्या तुरीला धक्का नाय लावला हां!"

बांधावरचं गवत ओलं चमकत होतं. भाताच्या कडेच्या ओळीही ओल्या होत्या. सोनाबाई होती तिथंच खाली बसली. बोंब ठोकायला तिनं तोंड उघडलं, आणि पलीकडच्या खाचरात छाया वाकलेली दिसली. मग काय, नवराबायकोचं लग्नानंतरचं सगळ्यात मोठं भांडण कुजबुजत झालं.

"अवो, तननाशक मारलाव तुमी. माजी तीन वर्सं मारलीव."

वाल्मिकच्या हातातली पंपाची नळी गळून पडली. "मला वाटलं, एक दिस तरी तुज्या उपेगी पडावं..."

दोघांनी मिळून गवत उपटलं. बोटं सोलली तरी उपटलं. औषध लागलेलं गवत गाईला घालायची सोय नव्हती, म्हणून भारे गोणपाटात कोंबून गोठ्यामागं दडवले. अंधार पडेपर्यंत बांध तुळतुळीत झाला. कुणाला कळणार नव्हतं. हेच सोनाबाईला जास्त जाचत होतं.

सकाळी कर्जतहून गटाच्या समिधाताई आल्या, बायका आल्या. "अगं बया, बांद हाय का सारवलेलं अंगान!" गटातली रूपाली म्हणाली. "सोनाबाय, आमच्यात बी पाटवा की तुमच्या मालकाला." सगळ्या हसल्या. वाल्मिक चहाचं ताट घेऊन खांबासारखा उभा.

समिधाताईंनी दाखल्याचा कागद काढला आणि सहज म्हणाल्या, "छाया परत घ्या म्हणते. गेल्या वर्षापासून तिनं काही टाकलेलं नाही. सोनाबाई, तुम्ही कडक. तुम्हीच सांगा."

छाया आपल्या बांधावर हात जोडून उभी होती.

सोनाबाईनं सवयीनं माती उचलली. ती नाकाशी जाईना. "नेम... तीन वर्सांचा हाय," ती म्हणाली, आणि मूठ उघडून माती खाली सोडली. "तिला दोन ऱ्हायली. मला तीन. काल माज्या बांदाव तननाशक पडलंय. भारे गोठ्यामागं हायती, बगून घ्या."

"तिनं नाय, मी मारलं!" वाल्मिक ओरडला, आणि ताटातले पेले खळखळले.

"कुनी बी मारलं तरी जमीन माजीच," सोनाबाई म्हणाली.

समिधाताईंनी कागद परत पिशवीत घातला. बायका चहा न पिता पांगल्या. छाया वर्षभर या दिवसाची वाट बघत असणार, असं सारं गाव म्हणतं. पण ती हसली नाही. हसली असती तर सोनाबाईला भांडता तरी आलं असतं.

भात झोडलं, आणि कर्जतच्या व्यापाऱ्याच्या टेंपोत इतरांच्या पोत्यांत मिसळून गेलं. साडी अजून बहिणीकडंच आहे. पुढच्या सुट्टीला वाल्मिक कोयता घेऊन बांधावर गेला. कापायला तिथं काडी नव्हती. धक्का न लावलेली तूरही माना टाकून उभी होती. तो कोयता मांडीवर घेऊन बसून राहिला. सोनाबाईनं दारातून पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, मग तशीच आत जाऊन त्याच्या वाटणीचा चहा ठेवला.