आमेन सगळ्यांनी म्हणायचं

रविवारी मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब सांगतात की देव आपल्याकडे अवघड असं काही मागत नाही. घरच्यांवर प्रेम करा, मनात राग ठेवू नका, रोज एकत्र प्रार्थना करा. बाकावर बसून ऐकताना मलाही ते पटतं. घरी सासूबाई नसत्या तर सोमवारीसुद्धा पटलं असतं.

आमच्याकडे संध्याकाळी कुकर उतरला की टीव्ही बंद आणि प्रार्थना सुरू. आधी सासूबाई शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचतात. मग प्रत्येकाने डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायची आणि एकाची संपली की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे मान्य आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, किती भाविक घर! पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे भांडण तोंडावर होत नाही, देवामार्फत होतं.

"हे दयाळू पित्या," सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "भाजीत मीठ किती घालावं याची बुद्धी तुझ्या लेकराला दे." लेकरू म्हणजे मी. आणि त्यावर आमेनही मीच म्हणायचं. माझी पाळी आली की मी प्रभूकडे सहनशक्ती मागायचे, कशासाठी हवी ते सविस्तर सांगून. नवरा दोघींच्या प्रार्थनेला सारख्याच जोरात आमेन म्हणायचा. त्याला मी तेव्हा निःपक्षपाती समजत होते.

मागच्या वर्षी सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला. दूध उतू जाताना दिसेना. शास्त्र वाचताना त्या पान उलटायच्या, पण म्हणायच्या ते पाठ असलेलंच. घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबू नका, नजर जाईल. सासूबाई ऑपरेशनला तयार होईनात. कारण विचारलं की उठून गॅलरीत जायच्या. संध्याकाळी मात्र देवाशी बोलायच्या, आणि मग माझी पाळी यायची.

"प्रभू, तू आंधळ्याला नुसत्या चिखलाने बरं केलंस." आमेन.

"प्रभू, आता तू डॉक्टर दिलेस. त्यांना इतकी वर्षं शिकवलंस ते उगाच नाही." आमेन.

"प्रभू, घाई करणाऱ्यांना धीर दे." आमेन.

"प्रभू, सकाळी चहात साखरेऐवजी रवा पडला, तो कोणी टाकला ते तू पाहिलंस." आमेन.

मग एका संध्याकाळी बिल्डिंगच्या जिन्यात त्यांची पायरी चुकली. नशिबाने हाडं वाचली. माझं मात्र डोकं फिरलं होतं आणि प्रार्थनेला बसले तरी ते ताळ्यावर नव्हतं. "प्रभू, ऑपरेशन का नको ते आईंना एकदा खरं बोलू दे. नाहीतर मला तरी गप्प बसव. आमेन."

कोणीच आमेन म्हणालं नाही. फ्रिज तेवढा घुरघुरत होता.

मग सासूबाई बोलल्या, नेहमीच्या प्रार्थनेच्या आवाजात नव्हे. "देवा, हिला सांग, मला भीती वाटते. हिचे सासरे ऑपरेशनला हसत आत गेले. मी बाहेर त्यांच्यासाठी चहाचा थर्मास घेऊन बसले होते. ते परत आलेच नाहीत. तुझ्यावर विश्वास आहे असं रोज म्हणते आणि तरी घाबरते. सुनेसमोर हे कुठल्या तोंडाने बोलू?"

प्रार्थनेत मी कधी डोळे उघडत नाही. त्या दिवशी उघडले. सासूबाईंचेही उघडेच होते आणि हे सगळं त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, म्हणजे त्यांच्या समजुतीने. मी स्टुलावर होते आणि त्या फ्रिजकडे बघत होत्या. मला रडूच आलं. नवराही डोळे उघडे ठेवून आईकडे बघत बसला होता. त्याच्या मांडीवर मोबाईल होता, आवाज बंद, क्रिकेट चालू. बिचाऱ्याचं आता तिकडे लक्ष नव्हतं, पण ते मी नंतरसाठी राखून ठेवलं.

उठून मी सासूबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. देवाशी बोलायला किती सोपं जात होतं. त्यांच्याशी बोलताना जीभ जड झाली.

"आई, मी येते ना तुमच्याबरोबर. आत सोडलं नाही तर दारात बसेन."

"ते देवाला सांग."

"नाही. तुम्हालाच सांगतेय."

त्यांनी दुसऱ्या हाताने चाचपत शास्त्र मिटलं. मग म्हणाल्या, "थर्मास नको आणूस."

मी नाही आणला. ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी सासूबाईंनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, मग माझे मानले, तेही मिठाचा उल्लेख न करता. मला वाटलं, संपली प्रार्थना.

"आणि प्रभू," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या मांडीवर रोज काय चमकतं ते आज मला स्वच्छ दिसलं. आता त्याचं तू बघ. आमेन."

मी इतक्या जोरात आमेन म्हटलं की शेजारच्या काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला. नवऱ्याने मोबाईल मांडीखाली सरकवला. पण नियम म्हणजे नियम. आम्ही दोघी डोळे उघडे ठेवून त्याच्या आमेनची वाट बघत बसलो.