बिघाडाच्या नऊ वह्या

बाबा गेले त्या दिवशी घरातली एकही वस्तू बंद नव्हती. ही गोष्ट लेकीच्या लक्षात यायला तीन महिने लागले, आणि तेही आईनं सांगितलं म्हणून.

तोपर्यंत तिचं सगळं लक्ष आईला तिथून हलवण्याकडे होतं. आई एक्काहत्तर वर्षांची, घर दुमजली, आणि त्या घरात सरळपणे चालणारी एखादी वस्तू असेल तर शपथ. बाहेरचं दार स्वयंपाकघरातून दोरी ओढून उघडायचं. वरची टाकी भरली की रंगाचा एक रिकामा डबा पाण्याबरोबर तरंगत वर यायचा आणि पितळी घंटेवर आपटायचा. वाळत घातलेले कपडे कप्पीवरून आत ओढून घेता येत, फक्त चादरीच्या वेळी कप्पी अडायची आणि तिला खालून काठीनं टोचावं लागायचं. काठीसाठी भिंतीत वेगळा आकडा होता. त्या आकड्याला काठी सोडून दुसरं काही अडकवलेलं बाबांना खपत नसे.

हा सगळा त्यांचाच उद्योग. साबणाच्या कारखान्यात ते फिटर होते, पण गल्लीत त्यांना कुणी फिटर म्हणत नसे. गल्ली त्यांना ‘खटपटे’ म्हणायची. हे नाव इतकं रुळलं की पोस्टमन नवा आला तेव्हा खरं आडनाव असलेलं पत्र त्यानं ‘इथे असे कोणी राहत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं.

घरात कुणी ‘अडचण’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. उच्चारला की बाबांचे हात शिवशिवायला लागत. लेक तान्ही असताना रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. आईला त्याच वेळी शिवणकाम असे. बाबांनी शिलाई मशीनच्या पायडलला सळई जोडून तिचं दुसरं टोक पाळण्याला लावलं. मशीन चाललं की पाळणा हलायचा. लेक झोपेपर्यंत दोन अभ्रे शिवून होत. पुढे शिवायला काही उरेना, तेव्हा आई शेजारपाजारचे पडदे मागून आणू लागली. लेकीला आजही शिलाई मशीनचा आवाज ऐकला की जांभई येते. शिंप्याच्या दुकानात तिची नेहमी पंचाईत होते.

दुसरा पराक्रम दाराचा. दार आपोआप लागावं म्हणून त्यांनी त्याला विटांचं वजन लावलं. ते इतकं चोख चाललं की पहिल्याच आठवड्यात आजी दोनदा बाहेर राहिली आणि एकदा मध्येच सापडली. बाबांनी एक वीट कमी केली आणि आजीला थोडं चपळाईनं चालायला सांगितलं. आजीनं पुढचे पंधरा दिवस त्यांच्याशी अबोला धरला. बाबांनी तोही यंत्राचा एक फायदा म्हणून मोजला.

तर असं घर. आणि त्याचा पुरावा म्हणजे नऊ वह्या.

वह्या लेकीला हत्यारांच्या कपाटात सापडल्या, बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वस्तू, बिघाड, कारण, उपाय. पंचवीस वर्षांत घरात जे जे बंद पडलं त्याची तिथे नोंद होती. लेक विमा कंपनीत होती. लोकांनी पाठवलेले अपघातांचे अहवाल तपासणं हेच तिचं काम. कारणाच्या रकान्यात गोलमाल दिसला की ती कागद परत पाठवायची. तिनं वह्या घेतल्या, ओळी मोजल्या आणि हिशेब काढला. आठवड्याला सरासरी दोन बिघाड. मिक्सर, इस्त्री, न्हाणीघरातला नळ, घंटा, पुन्हा मिक्सर. कारणाच्या रकान्यात पानामागून पानं एकच उत्तर होतं: ‘माहीत आहे.’ बाबांसारख्या माणसानं इतका आळस करावा याचा तिला रागच आला. ऑफिसात असा कागद तिनं उभ्या उभ्या परत पाठवला असता.

पण आकडा तिच्या कामाचा होता. तिनं आईपुढे तो मांडला. आठवड्यातून दोनदा ज्या घरात काहीतरी बंद पडतं, त्या घरात एकट्या बाईनं राहायचं नाही. लेकीकडची मागची खोली रंगवून तयार आहे, जावयांनी पलंगही आणलाय, नळ सरळ आहेत, दार किल्लीनं उघडतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत राहिली. मला इथंच राहायचंय, एवढंच तिचं म्हणणं. यावर लेक चिडायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

असे बारा रविवार गेले. तेराव्या रविवारी लेक घराच्या दलालाची वेळ ठरवूनच आली. तो चार वाजता घर बघायला येणार होता. हे तिनं आईला चहा पिताना सांगितलं. आईनं कप खाली ठेवला.

“माझ्यामागे घर विकायला काढ,” ती म्हणाली. “मी असताना नको.”

लेकीनं पुन्हा वह्या पुढे ओढल्या. काही बिघडलं तर करणार कोण, हा तिचा नेहमीचा प्रश्न तिनं नेहमीच्याच आवाजात विचारला.

“तीन महिन्यांत काय बिघडलं?” आईनं विचारलं.

लेकीनं घरभर नजर फिरवली. नळ चालू होता. घंटा सकाळीच वाजली होती. मिक्सर, इस्त्री, कप्पी, सगळं जागच्या जागी होतं. नवव्या वहीतली शेवटची नोंद बाबांना दवाखान्यात नेलं त्याच्या दोन दिवस आधीची होती. त्यानंतर ध्यानीमनी नसताना घर अगदी शहाण्यासारखं वागायला लागलं होतं.

मग आईनं तिला पेटीची गोष्ट सांगितली. ती लेकीला माहीत नव्हती, कारण तेव्हा ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी होती आणि फोनवर आई फक्त तब्येतीचं बोलायची.

कारखान्यात एकदा वरून फर्मान निघालं, की कामगारांच्या सूचनांसाठी एक पेटी लावा. ती बनवायचं काम साहजिकच बाबांकडे आलं. त्यांनी जाड पत्र्याची पेटी केली, वर फट ठेवली, स्वतः बनवलेलं कुलूप लावलं आणि किल्ली मॅनेजरकडे दिली. मग दर सोमवारी ते त्यात एक सूचना टाकू लागले. साबणाच्या वड्या गुंडाळणारं मशीन कागद फाडतं, त्यावर उपाय. वाफेचा पाइप गळतो, त्यावर उपाय. पायऱ्या निसरड्या आहेत, कँटीनच्या रांगेत अर्धा तास जातो, प्रत्येकावर उपाय, सोबत आकृती. हे अकरा वर्षं चाललं. एकाही सूचनेवर कुणी हूं की चूं केलं नाही. बाबा म्हणायचे, विचार चालू असेल, घाई करून चालत नाही.

अकरा वर्षांनी भिंतीला रंग द्यायचा म्हणून पेटी काढायची वेळ आली. किल्ली कुठेच नव्हती. मॅनेजर तीनदा बदलले होते, आणि किल्ली पहिल्याबरोबरच गेली असावी. कुलूप ज्यानं केलं त्यालाच बोलावलं. बाबांनी तारेनं ते उघडलं. आत त्यांच्याच सगळ्या चिठ्ठ्या होत्या, पहिल्या सोमवारपासून ओळीनं. शिवाय कुणीतरी टाकलेला लिमलेटच्या गोळीचा एक कागद.

ते चिठ्ठ्या पिशवीत भरून घरी आले. जेवताना त्यांनी एवढंच सांगितलं, की कुलूप चांगलं निघालं, अकरा वर्षांत गंजाचा ठिपका नाही. त्यानंतर दोन महिने त्यांनी हत्याराला हात लावला नाही. कामावर जात, येत, आणि खिडकीपाशी खुर्चीत बसत. एकदा न्हाणीघरातला नळ गळायला लागला, तेव्हा आईनं सांगून पाहिलं. ते म्हणाले, प्लंबरला बोलाव.

“तेव्हा मी घाबरले,” आई म्हणाली. “आजारी माणसाला औषध देता येतं. यांना काय देऊ?”

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर तिनं स्क्रू ड्रायव्हर काढला, मिक्सरचं बूड उघडलं आणि आतली एक तार ओढून ठेवली. संध्याकाळी हाक मारली, अहो, हा बंद पडलाय, आणि मला उद्या लागणार आहे, प्लंबर काही मिक्सर करत नाही. बाबा बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. मग उठले. मिक्सर झाल्यावर त्यांनी नळाकडेही पाहिलं. आणि त्या रात्री पिशवीतल्या चिठ्ठ्या काढून, कोऱ्या बाजू वर करून, त्यांची वही शिवली.

पुढे आईला ते जमत गेलं. वस्तूचं नुकसान न करता ती बंद पाडणं दुरुस्तीपेक्षा अवघड असतं. घंटेचा दोर किती सैल करायचा, इस्त्रीतला कुठला स्क्रू फिरवायचा, कप्पीत दोरी कशी चढवायची, हे तिनं हळूहळू शिकून घेतलं. आठवड्यातून दोनदा. जास्त नको, नाहीतर त्यांना संशय आला असता. घरातली प्रत्येक वस्तू तिला आतून पाठ होती. आणि पंचवीस वर्षं ती दाराशी उभी राहून हाक मारत आली होती, अहो, जरा बघता का.

“मग आता?” लेकीनं विचारलं.

“आता कुणासाठी बिघडवू?” आई म्हणाली.

लेकीनं पहिली वही उघडली. या वेळी तिनं ओळी मोजल्या नाहीत, वाचल्या. आयुष्यभर कारणाच्या रकान्यावर पोट भरणाऱ्या बाईनं शेजारचा रकाना वाचलाच नव्हता, याची तिला लाज वाटली. पहिली नोंद: मिक्सर. बिघाड: तार तुटली. कारण: समजत नाही. तिसरी नोंद: मिक्सर. तार ओढली गेली. कारणापुढे काहीतरी लिहून खोडलेलं. पाचवीपासून ‘माहीत आहे’ सुरू झालं होतं. तिथला उपायाचा रकाना तिनं आईला मोठ्यानं वाचून दाखवला.

“तार जोडली. सहज निघेल अशी ठेवली. हिच्या बोटाला लागू नये.”

आईनं वही मागून घेतली. चष्मा लावून ती ओळ तिनं स्वतः वाचली, मग खालची, मग त्याखालची. इस्त्री: स्क्रूची धार घासली. घंटा: दोर हाताला येईल इतका खाली घेतला. कप्पी: स्टूल लागू नये अशी सोय केली.

“तरीच,” आई म्हणाली. “मला वाटायचं, माझाच हात बसला.”

मग तिनं चष्मा काढला आणि ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. लेक तिच्याजवळ बसून राहिली. चार वाजता दलाल आला. त्यानं बाहेरचं दार बराच वेळ ढकललं, पण आतून कुणी दोरी ओढली नाही, आणि तो निघून गेला.

आई तिथंच राहिली. जावयांनी मागच्या खोलीतल्या पलंगावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. लेक आता दर रविवारी येईना. यायला तसं निमित्त उरलं नव्हतं. आधी महिन्यातून एकदा, मग ऑफिसात अहवाल तुंबले म्हणून तेही नाही. फोनवर आई तब्येतीचं बोलायची. सगळं ठीक चाललंय, म्हणायची.

एका शुक्रवारी फोन आला.

“अगं, मिक्सर बंद पडलाय,” आई म्हणाली. “जरा बघतेस का?”

लेक शनिवारी सकाळच्या बसनं गेली. दोरी ओढली गेली, दार उघडलं. मिक्सर टेबलावर होता आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्या शेजारीच ठेवलेला होता. तिनं बूड उघडलं. तार तुटली नव्हती, सुटली होती. ती जोडायला तिला पाऊण तास लागला. आई दाराशी उभी राहून बघत होती. मग लेकीनं नववी वही काढली, शेवटच्या नोंदीखाली पट्टीनं रेघ मारली आणि लिहायला घेतलं. वस्तू: मिक्सर. कारण: माहीत आहे. उपाय: तार जोडली. सहज निघेल अशी ठेवली.