वाढायचं नाही

झोपलेल्या पोराला ओलांडून जायचं नाही, असा आमच्या आईचा दंडक होता. ओलांडलं की पोर वाढत नाही, आहे तेवढंच राहतं. चुकून पाय पडलाच तर लगेच उलटं ओलांडून माघारी यायचं, म्हणजे दोष जातो. सोलापुरात आमची एकच खोली. चूल तिथंच, अंथरुणंही तिथंच. वडील गिरणीतली पाळी संपवून यायचे ते डोळे मिटत मिटतच, आणि मला ओलांडून मोरीकडे निघायचे. की आई चुलीपासून ओरडायची, "आदी माघारी या! पोरीला वलांडलंय तुमी!" बिचारे निमूट माघारी यायचे आणि भिंतीला घासत मोरीकडे जायचे. मला पांघरुणात हसू आवरायचं नाही.

मी सहा वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगला एक सिनेमा दिग्दर्शक पाहुणे म्हणून आले. नाटुकल्यात मी जे भोकाड पसरलं ते त्यांना फार आवडलं. महिन्याभरात आई मला घेऊन कोल्हापूरच्या स्टुडिओत उभी होती. सिनेमात नवराबायकोची ताटातूट होते, आणि त्यांची हरवलेली पोर म्हणजे मी. गोष्ट सगळी चार दिवसांत घडते, त्यामुळे मला सिनेमाभर एकच पिवळा फ्रॉक होता. गळ्याला पांढरी लेस, पाठीला हुकं.

मला ते सगळं मनापासून आवडलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आईला खलनायिका करून मी मोकळी होईन. घरी मला 'ए' म्हणत, तिथं 'बेबी' म्हणत. मोठमोठी माणसं माझ्या रडण्याची वाट बघत उभी राहायची. असला मान मला पुढं कधी मिळाला नाही.

पंधरा दिवसांनी नायकाचा पाय मोडला आणि काम थांबलं. कपडेपट सांभाळणाऱ्या माणसानं फ्रॉक वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या हातात दिला. म्हणाला, "बाई, हा जपा आणि पोरगीपण जपा. ह्यात बसली नाही तर दुसरी बघावी लागेल." आईनं मान हलवली. नायकाचा पाय बरा झाला, तर नायिकेच्या तारखा मिळेनात. असं करत सिनेमा अडीच वर्षं रखडला.

दर सोमवारी आई ट्रंक उघडायची. मी फ्रॉक घालून तिच्याकडे पाठ करायची, ती म्हणायची, "पोट आत घे." मी श्वास धरून पोट आत ओढायची, एकेक हुक लागायचं, आणि शेवटचं लागलं की आई सुस्कारा टाकायची. पहिल्या दिवाळीनंतर माझं दूध बंद झालं. मग रात्रीची भाकरी बंद झाली.

त्याच सुमाराला दुष्काळ पडला. शाळेत सुकडी वाटायचे, पोरं डबे घेऊन रांगेत उभी राहायची. मला रांगेत उभं राहायची बंदी होती. सगळा जिल्हा नाइलाजानं उपाशी होता, आणि आमच्या डब्यात ज्वारी असून मी उपाशी. नातेपुत्याहून मामा आला, त्यानं माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि विचारलं, "पोरगी आजारी हाय का काय?" आई म्हणाली, "आजारी कशानं? सिनेमात हाय ती." मामाला एवढं पुरलं.

वडील कधीकधी रुमालात कडक भाकरी आणि शेंगाचटणी लपवून आणायचे. आई पाण्याला गेली की माझ्यापुढं धरायचे. मी म्हणायची, "नगं. हुक लागायचं न्हाय." मग ते भिंतीकडं तोंड करून स्वतःच खायचे. आईला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत. आईला मी पुष्कळदा माफ केलं आणि पुष्कळदा नाही केलं. वडिलांना एकदाही केलं नाही.

आठवं संपत आलं तेव्हा एका सोमवारी वरचं हुक लागेना. आईनं तीनदा ओढून बघितलं. मी एवढं पोट आत घेतलं की डोळ्यांपुढं अंधारी आली, पण आता अडत होते ते खांदे. तिनं फ्रॉक घडी करून ठेवला.

त्या दुपारी मी चटईवर डोळे मिटून पडले होते. झोप नव्हती, भूक होती. आई मोरीतून आली, माझ्यापाशी थांबली. लुगडं जरा वर धरलं आणि मला ओलांडून पलीकडे गेली. चुकून गेली असेल, आता माघारी येईल, म्हणून मी वाट बघत राहिले. ती चुलीपाशी बसली आणि फुंकणीनं जाळ फुंकायला लागली.

मग ती रोज दुपारी ओलांडायची. आणि मी रोज दुपारी, तिला सोपं जावं म्हणून, डोळे मिटून वाटेत आडवी पडायची.

सिनेमा पुरा झाला. शेवटच्या कामात फ्रॉक पाठीवर उघडाच ठेवून टाचण्या मारल्या आणि मला समोरूनच दाखवलं. सोलापुरात तो लागला, तेव्हा बघून परतताना नवी पेठेत एका बाईनं मला ओळखलं. गालगुच्चा घेऊन म्हणाली, "सहाची असंल न्हाई?" मला नववं लागलं होतं. "व्हय, सहाच," आई म्हणाली. तिला इतकं खूश मी ना आधी पाहिलं ना नंतर.

पुढं लहान दिसणं हाच माझा धंदा झाला. आणखी दोन सिनेमे झाले. मुंबईला टीव्हीवरच्या बालनाट्यात मी तेराव्या वर्षी आठ वर्षांची झाले. पंधराव्या वर्षी रंगभूषा करणाऱ्यानं माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि म्हणाला, "चेहरा थोराड झाला की." अंग वाढलं नव्हतं, चेहरा वाढला होता. अशा बाईसाठी कुणी भूमिका लिहीत नाही. मी सोलापुरात परत आले. साडेचार फुटांवर माझी उंची थांबली ती थांबलीच. बघायला येणारे चहा पिऊन जायचे. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात पोटाला मिळालं नाही. आईनं ते मानलं नाही. "घरात खायला काय कमी न्हवतं," म्हणाली.

आता आई पंचाऐंशीची आहे आणि मीच तिचं सगळं करते. परवा दुपारी ती भिंत धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आडवी हो जरा."

"कशाला?"

"परत वलांडते. तवा माघारी आलेच न्हाय मी."

मी झोपलेली असते असं तिला वाटायचं, हे मी जन्मभर धरून चालले होते. माझं डोकं तडकलं. म्हणाले, "आणि उपाशी ठेवलंस त्याचं काय?"

"ते ऱ्हाऊ दे. आडवी हो की गं."

मी फरशीवर आडवी झाले. तिनं एका हातानं भिंत धरली, दुसऱ्यानं लुगडं वर धरलं. पाय थरथरत उचलला, माझ्या पोटाला अडला. पुन्हा उचलला, पुन्हा अडला. मग वरून तिचा आवाज आला, "पोट आत घे."

मी पोट आत घेतलं, आणि तिचा पाय पलीकडे टेकेपर्यंत श्वास धरून ठेवला.