एकाच कंपनीचं घर

आमच्या घरात सगळं एकाच कंपनीचं होतं. आधी रेडिओ, मग इस्त्री, पंखा, टेप, टीव्ही, फ्रीज. हे जबलपूरला फॅक्टरीत कामाला होते. या वस्तूंच्या कंपनीचं रंगीत पुस्तक गादीखाली जपून ठेवत आणि पाहुणे आले की काढत. "दाढीच्या मशीनपासून एक्स-रेपर्यंत! काय बनवत नाहीत ते विचारा."

शेजारचे भैया एकदा म्हणाले, "फिर तो भाभीजी भी इसी कंपनी की होंगी!" सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

त्या पुस्तकात कपडे धुण्याच्या मशीनचं एक पान होतं. ह्यांचे फॅक्टरीचे कपडे तेलाने काळे होऊन येत. सोड्यात भिजवून धोपटावे लागत. माझ्या बोटांना भेगा पडत आणि कणीक भिजवताना मीठ झोंबे. तोंडाने मागायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून मी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

"पोरगी पुस्तक खराब करून राहिली," म्हणत ह्यांनी मुलीचा कान पिळला. पान सरळ केलं. मी गप्प राहिले. ते पाप माझंच.

मशीन आली ती मुलीच्या लग्नात. मंडपात खोक्याला कुंकवाचं बोट लावून ठेवली होती, कंपनीचं नाव सगळ्यांना दिसेल अशी. तशीच ती सासरी गेली. म्हटलं, चला, हिचे हात तरी वाचले.

पहिल्या दिवाळीला मुलगी माहेरी आली. पोळ्या लाटायला बसली तेव्हा तिची बोटं पाहिली. तशाच भेगा.

"अगं, हे काहून? मशीन आहे ना?"

"बैठकीत आहे, झाकून. आल्यागेल्यांना दाखवतात. सासूबाई म्हणतात, चालवून बिघडली म्हणजे?"

"मग तू काही बोलत नाहीस?"

तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

जेवताना ह्यांनी विचारलं, "काय बेटा, मशीन कशी चालून राहिली?"

मला वाटलं, आता तरी सांगेल.

"छान आहे, बाबा," ती ताटाकडे बघत म्हणाली. अगदी माझ्या आवाजात.

"कंपनीच तशी आहे," हे म्हणाले आणि खुशीत हसले.

मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.