काठीचा ठोका

उल्हास गेल्याचं त्याच्या बायकोने, शालिनीवहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी पेडण्याच्या बसस्टँडजवळ पाव घेत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी पाव घेऊन घरी आलो, चहा प्यालो आणि मग बायकोला सांगितलं. या वयात अशा बातमीने माणूस हादरत नाही, नुसता थकतो... महिना झाला, तो थकवा काही जात नाही.

तरुणपणी आम्ही 'चिरेखण' नावाचा पंक बँड काढला होता, हे ऐकून माझी नातवंडं हसतात. हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी लोक कॅसेटी सोडून जात, त्या ऐकून उल्हास बिघडला. तो गिटार वाजवी आणि गाई, म्हणजे ओरडे. मी बेस धरी, ड्रमवर त्याचा चुलतभाऊ. चोपड्याला त्याच्या घरामागच्या खोपीत तालीम चाले. गोवा राज्य व्हायचं होतं, आणि कोकणी की मराठी यावरून माणसं भरल्या पानावरून उठून जात. "तू खंयच्या भाशेत गातंस?" असं कोणी विचारलं की उल्हास म्हणे, "आराडतंय रे. आराडूक भास कित्याक होयी?" दोन्ही बाजूंचे लोक आमच्यावर सारखेच चिडत. एवढी एकजूट गावात दुसऱ्या कशावर झाली नाही.

मग मुंबईचे काही लोक भुताचा सिनेमा काढायला मयेच्या तळ्यावर आले. स्वस्तातला मामला, म्हणून संगीताला आम्ही. गोष्टीतलं भूत कोण, तर बांधावरचा राखणदार. आमच्याकडे त्याला कोणी भूत म्हणत नाही. घोंगडी पांघरून, घुंगूर बांधलेली काठी टेकत तो गावची हद्द फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. लोक त्याला रोट आणि विडी ठेवतात. उल्हासने दिग्दर्शकाला हे सांगून पाहिलं. तो "फार छान" म्हणाला आणि घाई करू लागला. उल्हासने मग स्वतःला खरं वाटलं ते केलं. ओरडणं सोडलं, गिटार मंद केली आणि वडिलांची काठी जमिनीवर टेकत ठोका दिला. ठक... ठक... मध्येच घुंगराची किणकिण.

म्हापशाच्या थेटरात, पडद्यावर एक मुलगी रात्री वाट चुकलेली असताना तो ठोका सुरू झाला, तसे पुढच्या खुर्च्यांतले लोक अंग चोरून बसले. मागे बसलेल्या आमच्या गावच्या बायांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला. एकीने हात जोडले. "इलो गे. आता चेडवाक काय होवचा नाय." आणि पडद्यावर राखणदाराने त्या मुलीचा गळा दाबला. पुढचे किंचाळले, मागे जोडलेले हात खाली आले. बाहेर आल्यावर उल्हासचे वडील त्याला एवढंच बोलले, "त्याचो आवाज घेतलंस, आणि त्याका खुनी केलंस."

सिनेमा चालला, ठोका त्याहून चालला. बँड जाईल तिथे पोरं तेच मागत. उल्हासने तो पुन्हा वाजवला नाही. त्याची नंतरची गाणी संथ, खोल. जाणकार त्यात त्या सिनेमाची सावली शोधत, मला ती राखणदाराकडे मागितलेली माफी वाटे. प्रत्येक गाण्यात ठोक्याची जागा मोकळी असे. तिथे तो तारांवरून हात उचलून नुसता थांबे, आणि कोणी ती जागा भरली की रागावे. हळूहळू कार्यक्रम आटले. बँड मोडला नाही, बंद पडला. एका सिनेमापायी आयुष्यभर हे काय, म्हणून मला त्याचा राग येई... आता कोणावर काढू?

बारावं झाल्यावर चोपड्याला गेलो. खोपीत अॅम्प्लिफायरवर कोंबडी बसली होती. काठी मात्र घरात, त्याच्या खाटेला टेकवलेली. "ही मी नेऊ?" म्हटलं.

"ती नको," वहिनी पटकन म्हणाल्या. मग सांगू लागल्या. शेवटच्या वर्षी त्याला झोप येत नसे, आणि पलीकडच्या खोलीत त्याही धसक्याने जाग्या राहत. म्हणून तो पडल्या पडल्या अधूनमधून काठी जमिनीवर टेके. मी आहे, एवढं कळावं म्हणून. "तो आवाज आयकलो की माका झोप लागायची, भावजी. आता लागणा नाय."

"तोच ठोको?" मी विचारलं.

"तोच."

मी खाटेवर बसलो आणि काठी उचलली. सिनेमात होता तसाच, सावकाश, जमिनीवर टेकू लागलो. वहिनी भिंतीला टेकल्या. डोळे मिटले. चुलीवरचा चहा उतू जात होता, पण मी थांबलो नाही.