पडद्यावरचं पैंजण

माझा कॉम्प्युटर पैंजण फिरवायचा नाही. मी आखलेलं पैंजण पडद्यावर सरळ ठेवलं की कसं झकास दिसायचं, पण जरा वळवून मागची बाजू दाखवायला गेलं की पडदा गोठलाच. मी माऊस आपटायची, शिव्या घालायची, त्याच्या पाठीत दोन धपाटेही द्यायची. ढिम्म हलायचा नाही. आणि शुक्रवारी व्यापारी येणार होते.

आमचं घर हुपरीत. खालच्या खोलीत चांदीचा कारखाना, वर आम्ही. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूला आत्ती. मामांचा जन्म पैंजणं करण्यात गेला. मी कसबा बावड्याची. माहेरी ऊस आणि म्हशी. कॉम्प्युटरवर डिझाइन करायला मी इथं येऊन शिकले आणि पहिलीच नक्षी काढली ती उसाच्या तुऱ्याची. मामा म्हणाले, तुरा आलेला ऊस वजनाला हलका पडतो, तो पैंजणात कशाला घालतेस? मी म्हटलं, पैंजण गाळपाला न्यायचं नाही, पायात घालायचंय. मामांनी मग अट घातली. व्यापाऱ्यांनी ते चहूबाजूंनी बघून पसंत केलं, तरच त्याची, चांदीवर नक्षी उठवणारी पोलादी छाप कापायची. नाहीतर वर्षानुवर्षं चाललेली जुनी वेलीची नक्षी आहेच.

नव्या छापेतून निघालेली पहिली जोड आमच्या घरात विकत नाहीत. ती घरच्या लेकीची. माझ्या नणंदेचा डबा अशा जोडांनी भरलाय आणि बाई हिंडते बूट घालून. मला त्या डब्याचा हेवा नव्हता, असं कोण म्हणेल?

तर पडदा गोठू नये म्हणून कॉम्प्युटरची रॅम वेगवान हवी, एवढं कळलं होतं. मामांना घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर रॅमच्या पट्ट्या मांडल्या आणि मामांनी एकेक उचलून तळहातावर तोलायला सुरुवात केली. मी लाजेनं मेले. त्यांना आवडली ती जाड धातूच्या कवचाची, रंगीत दिवे लागणारी. हातात भरते म्हणाले. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं सांगितलं की ती पुढच्या पिढीची, तिची खाच वेगळ्या जागी असते, आमच्या बोर्डात बसणारच नाही. बोर्डाला झेपेल त्यातली सगळ्यात वेगवान कोणती, ते विचारा. ती निघाली साधी हिरवी, ना कवच ना दिवा. आणि म्हणे जोडीनं घ्या, दोन सारख्या एकत्र जास्त चांगल्या चालतात. जोडीनं म्हटल्यावर मामांचा चेहरा खुलला. हे त्यांच्या धंद्यातलं बोलणं होतं.

त्यानं जुन्या दोन काढून नव्या दोन बसवल्या आणि माझं डिझाइन उघडलं. पैंजण सर्रकन फिरलं. मला नाचावंसं वाटलं. जुन्या पट्ट्या कागदात बांधून देताना त्यानं बजावलं, ह्या परत लावू नका.

पण आमचं घर चांदीवाल्यांचं. इथं कारखान्याबाहेर पडताना तळपाय झटकून घेतात, जमिनीवरचा केर पोत्यात साठवतात, जाळून-गाळून त्यातली चांदी काढतात. आत्तींनी कागद सोडला, विचारलं, बिघडल्यात का? म्हटलं, नाही. त्या उघड्या मशीनमध्ये डोकावल्या, म्हणाल्या, मग बोर्डावर दोन जागा रिकाम्या दिसतात, त्या कशाला उपाशी ठेवायच्या? मला ते शंभर टक्के पटलं. दोन वेगवान, दोन चांगल्या चालत्या; एकूण जास्तच की. बसवल्या.

शुक्रवारी सकाळी पैंजण अर्धं फिरलं, अडखळलं आणि मशीन पटकन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. खाली मामा जुन्या वेलीचे नमुने पुसून ताटात मांडत होते. दुकानदाराला फोन लावला, नाही नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुन्या परत लावल्या न्हाईत न्हवं?"

लावल्यात, म्हटलं. तो म्हणाला, चौघींना एकत्र चालायचं म्हटलं की सगळ्यात सावकाश चालणारीच्या पावलानं जावं लागतं, आणि त्यातून एकमेकींशी पटलं नाही की मशीन बसतं. मी फोन ठेवला, मशीन बंद करून जुन्या उपसल्या आणि सुरू केलं, तोवर व्यापारी जिना चढत होते.

पैंजण फिरलं. सगळ्या बाजूंनी, न अडता, तुरे चमकवत फिरलं. व्यापाऱ्यांनी खुर्ची पुढं ओढली, खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, दिसायला बेस आहे, पण वाजणार कसं ते कसं कळावं? आता आली का पंचाईत.

दारात उभे असलेले मामा खाली गेले. मला वाटलं, जुन्या नमुन्यांचं ताट आणायला गेले. ते आले मूठभर घुंगरू घेऊन. पडद्याशेजारी उभे राहिले आणि पैंजण फिरेल तशी मूठ हलवायला लागले. छुन्न, छुन्न, छुन्न. व्यापारी हसले, मान डोलावली आणि छाप कापायला सांगितली. मामांनी त्यानंतरही बराच वेळ मूठ हलवली.

पहिली जोड उजळून आली त्या दिवशी मी वर कामाला बसले होते. खाली आत्ती गुलाबी कागदात ती जोड बांधत होत्या, नणंदेला पाठवायला. मामांचा आवाज जिन्यातून वर आला.

"लेक वर बसलीया की. तिला दे."

एरवी प्रत्येक गोष्टीला उलट बोलणारी मी, हातातला माऊस सोडून उठले. खाली गेले. आत्ती म्हणाल्या, "पाय फुडं कर." केला. डोळ्यांतलं पाणी त्यांच्या हातावर पडलं तर त्यांनी ते पदरानं पुसलं आणि पैंजणाचा फासा अडकवून नीट बसवला.

त्या दिवशी मी काही काम नसताना तो जिना सारखा खाली-वर केला. मामा कामातून मान वर न करता ऐकत होते.