डोरल्याचे झुमके

चिखलीच्या त्या सोनाराची नक्कल मी लई करायचो. नळीनं दिव्याची ज्योत सोन्यावर फुंकताना त्याचे गाल असे फुगत, जसा बेडूक भाषणाले उभा राह्यला.

एक दिवस मी त्याच्या दुकानात बसलो असताना एक विधवा बाई आली. पोरीच्या लग्नासाठी मंगळसूत्रातलं डोरलं मोडून झुमके करायचे होते, पण तिची मूठच उघडेना.

सोनारानं कोळशानं फरशीवर झुमका काढला, कपाशीच्या बोंडासारखा. म्हणे, "बाई, मी मोडून नाही राह्यलो. तुमचं डोरलं पोरीच्या कानात वाढवून राह्यलो."

मंगळसूत्र तुटलं तरी आपण 'वाढलं'च म्हणतो. इतकं खरं मी ते कधी ऐकलं नव्हतं.

बाईनं डोरलं त्याच्या हातावर ठेवलं. पदरानं नाक पुसत म्हणाली, "मंग बोंड जरा फुटलेलं करजा, भाऊ. कापूस दिसू द्या."